रेमेडीला फ्रेंचमध्ये नक्की काय म्हणायचं? (कॉम्पेन्सेशनने माझा घात केला)

नीरफणस

मंडळी, एक अडलंय आणि घरात विचारायला कोणी नाही. गेली नऊ वर्षं पुण्यात बसून इंग्रजी-फ्रेंच भाषांतरं करते, बहुतेक मशीनची मॅन्युअलं नाहीतर टेंडरं. या वेळी पहिल्यांदाच मोठा करार आला. चाकणची एक कंपनी फ्रान्समध्ये ल्योंच्या एका कंपनीला सुटे भाग पुरवणार आहे. करार इंग्रजीत, लागू कायदा भारतीय, फ्रेंच प्रत फक्त तिकडच्या मंडळींना वाचता यावी म्हणून. मला वाटलं सोपं आहे, रेमेडी, डॅमेजेस, कॉम्पेन्सेशन हे शब्द तोंडावरूनच फ्रेंच दिसतात, नाकात बोललं की झालं. तिथेच फसले.

एका कलमात असं आहे की माल सदोष निघाला तर खरेदीदाराला कॉम्पेन्सेशन हीच एकमेव रेमेडी. मी बिनधास्त 'रमेद' आणि 'कोंपांसास्यों' ठोकून दिलं. ल्योंच्या तपासनीस बाईंनी फाईल परत पाठवली ती लाल फुग्यांनी भरून. 'रमेद'वर फुगा: "खोकल्यावर?" 'कोंपांसास्यों'वर: "कोणाचं देणं कोणाच्या देण्यात वळतं करताय?" आणि लिक्विडेटेड डॅमेजेसच्या, म्हणजे करार मोडला तर द्यायच्या आधीच ठरवलेल्या रकमेच्या कलमात तर माझी पार शोभा झाली. डिक्शनरीत 'क्लोझ पेनाल' दिलं होतं ते मी घातलं, आणि मूळ वाक्यात पुढे होतं की ही रक्कम दंड म्हणून नाही. म्हणजे माझं फ्रेंच वाक्य मराठीत सांगायचं तर "हे दंडाचं कलम असून ते दंडाचं नाही." तिथे बाईंनी काही लिहिलंच नाही, नुसती तीन प्रश्नचिन्हं.

रेमेडी हा शब्द करारात चौदा वेळा आहे. चौदाही ठिकाणी चालेल असा एक फ्रेंच शब्द हवाय. शुक्रवारी द्यायचंय.

उगाच_एक

बाईंचं बरोबर आहे. 'रमेद द ग्रांमेर' म्हणजे आपला आजीबाईचा बटवा. तुम्ही सदोष गिअरबॉक्सवर ओव्याचा काढा लिहून दिलात.

बोरूबहाद्दर

नीरफणस, एक शब्द मिळणार नाही, तो नाद सोडा. मी फ्रेंच जाणत नाही, तीस वर्षं दिवाणी कोर्टात काढली त्यावर सांगतो. इंग्रजीत रेमेडी या एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबल्यात. एक म्हणजे कोर्टाचं दार, कुठे जायचं आणि कोणता अर्ज करायचा. दुसरी म्हणजे त्या दारातून बाहेर येताना हातात काय पडतं, पैसे, मनाई हुकूम, करार पाळण्याचा हुकूम, जे असेल ते. इंग्रजांना फरक करावा लागला नाही कारण त्यांच्याकडे जुन्या काळी आधी रिट, म्हणजे ठरावीक नमुन्याचा हुकूम असायची, त्या ठरावीक रिटीत तुमचं दुखणं बसलं तरच तुमचा हक्क आहे असं धरायचे. दारावरूनच घर ओळखायचे म्हणा ना. फ्रेंच लोकांचं माझ्या माहितीनुसार उलटं, आधी हक्क कोडात, म्हणजे कायद्याच्या संहितेत लिहिलेला, मग तो वसूल कसा करायचा हा नंतरचा भाग. त्यामुळे त्यांच्याकडे दोन शब्द असणारच. ते कोणते ते जाणकारांनी सांगावं.

आणि आपल्या मराठीत याला फार सुंदर शब्द आहे हो, दाद. कोर्टात दाद मागतो ते दार झालं, आणि दाद मिळते तो माल झाला. दोन्हीला एकच शब्द, थेट इंग्रजांसारखा.

माँत्रेआलची_मावशी

बोरूबहाद्दरांनी नेमकं पकडलंय. ते दोन शब्द 'रकूर' आणि 'रेपारास्यों'. दार म्हणजे रकूर, हाती पडतं ते रेपारास्यों. मी इथे वीस वर्षं हेच दळण दळतेय, कारण कॅनडात केंद्राचा प्रत्येक कायदा दोन्ही भाषांत निघतो आणि दोन्ही प्रतींना सारखंच वजन, एक मूळ आणि दुसरी भाषांतर असं म्हणायची सोय नाही.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघ. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं आठवं कलम, इंग्रजीत इफेक्टिव्ह रेमेडी, फ्रेंचमध्ये 'रकूर एफेक्तिफ'. आता आमच्या 1982 च्या चार्टरचं, म्हणजे हक्कांच्या सनदेचं कलम 24, पोटकलम 1, तिथेही इंग्रजीत रेमेडीच, कोर्टाला योग्य आणि न्याय्य वाटेल ती, आणि फ्रेंचमध्ये 'रेपारास्यों'. शब्द तोच, पण पहिल्यात माणूस कोर्टात जातोय आणि दुसऱ्यात कोर्ट काहीतरी देतंय. तुझी चौदा वाक्यं अशीच एकेक करून तपास, वाक्यात कोण हलतंय ते बघ.

तिसरा एक शब्द आमच्याकडे चालतो, 'रद्रेसमां'. न्यू ब्रन्सविक, ऑन्टारिओ या भागात कॉमन लॉ, म्हणजे इंग्रजी पद्धतीचा, कोर्टाच्या निकालांतून घडलेला कायदा आहे पण फ्रेंच बोलणारेही आहेत, त्यांच्यासाठी कॉमन लॉची फ्रेंच घडवावी लागली, माँक्टनच्या विद्यापीठात 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून ते काम चाललंय. पण हा शब्द फ्रान्सला पाठवू नकोस. तिकडे रद्रेसमां म्हटलं की एकतर इन्कम टॅक्सची फेरआकारणी नाहीतर बुडत्या कंपनीची कोर्टाच्या देखरेखीखालची डागडुजी. तुझ्या ल्योंच्या बाई आणखी दोन फुगे लावतील.

कॉम्पेन्सेशनचं म्हणशील तर तुझी चूक सगळेच एकदा करतात. फ्रेंच दिवाणी कोडात कोंपांसास्यों म्हणजे परस्परांची देणी एकमेकांत वळती करणं, कलम 1347. आमच्या क्युबेकच्या, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच भाषिक प्रांताच्या कोडातही तेच, 1672. तुला हवाय तो 'एंदेम्निझास्यों'.

शब्दवेडा

चर्चा छान, पण एक नम्र हरकत. दाद हा 'आपल्या मराठीत' शब्द कसा? शुद्ध फारसी आहे. नुकसान अरबी. मनाई अरबी. दावा अरबी. मराठी माणूस कोर्टात गेला की त्याची मायबोली उंबऱ्याबाहेर चपलांबरोबर राहते. क्षतिपूर्ती इतका नेमका आणि घडीव शब्द असताना आपण नुकसानभरपाई हा अरबी-मराठी जोडशब्द का वापरतो?

ढेकळे

क्षतिपूर्ती म्हणे. आमच्या गावात गारपिटीनंतर तलाठ्याला विचारून बघा, क्षतिपूर्ती कधी जमा होणार, तो म्हणेल पाटील तब्येत बरी आहे ना.

आणि भरपाई तरी एक आहे का. धरणात जमीन गेली त्याला मोबदला म्हणतात. पीक गेलं तर भरपाई, पण सरकारी कागदावर ते 'अनुदान' होतं, म्हणजे आमचं नुकसान नाही त्यांची कृपा. आणि मोबदल्यावर वेगळी एक ओळ असते, दिलासा रक्कम. जमीन तुमच्या मर्जीविरुद्ध घेतली म्हणून वर थोडी फुंकर. जुन्या 1894 च्या कायद्यात आधी ती 15 टक्के होती मग 1984 ला 30 केली, 2013 च्या नव्या कायद्यात 100 टक्के. आमच्या चुलत्यांची केस जुन्यात अडकली आणि शेजारच्या शिवाराची नव्यात, बांधाला बांध लागून. त्या बांधावर बसून आजही चुलते 30 आणि 100 ची वजाबाकी करतात.

माँत्रेआलची_मावशी

ढेकळे, तुमची दिलासा रक्कम म्हणजे इंग्रजीतलं सोलेशियम. तोच लॅटिन शब्द इकडे 'सोलातियम दोलोरिस' म्हणून येतो, जवळचं माणूस गेल्याच्या दुःखाचे पैसे. ते द्यायचे की नाही यावर क्युबेकमध्ये कितीतरी वर्षं घोळ होता, इंग्रजी परंपरेच्या प्रभावाखाली नको म्हणायचे. 1996 ला कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की क्युबेकचा कायदा फ्रेंच मुळाचा आहे, त्यात हे दुःख भरून देण्याजोगं नुकसानच आहे. पोलिसाच्या गोळीने मुलगा गेलेल्या आईची केस होती ती. फ्रान्समध्ये तर याला 'प्रेज्युदिस मोराल' म्हणतात आणि रुळलेलं आहे.

शब्द एक, तुमच्याकडे जमिनीवर फुंकर, आमच्याकडे आईवर.

उगाच_एक

जरा थांबा, हे स्यों स्यों काय चाललंय. आम्हाला पुण्यात शिकवताना 'स्याँ' लिहायचे. रेपारास्याँ.

नीरफणस

तो ओ आहे हो, नाकातला ओ. स्याँ लिहिलं तर वाचणारा 'सां'च्या बाजूला घसरतो. पण प्लीज या रस्त्याला नको जायला, मला शुक्रवार गाठायचाय.

मावशी, फार आभार. रकूर आणि रेपारास्यों करून बघितलं, नऊ ठिकाणी एक बसतो आणि चार ठिकाणी दुसरा. एक वाक्य उरलंय, ज्यात सगळ्या रेमेडीज एकमेकींना पूरक आहेत, एक वापरली म्हणून दुसरीचा हक्क जात नाही असं आहे. तिथे दोन्ही अर्थ आहेत.

आणि ते दंड आहे-दंड नाही?

बोरूबहाद्दर

त्या वाक्याची कुळकथा सांगतो म्हणजे तुम्हालाच उत्तर सापडेल. "दंड म्हणून नाही" हे शब्द भारतीय करारात खरं म्हणजे पाहुणे आहेत. इंग्लंडात करारातला दंड कोर्ट वसूल करू देत नाही, आधीच अंदाजून ठेवलेलं नुकसान असेल तर देतं. 1915 च्या टायरच्या खटल्यात ती कसोटी बसवली आणि पुढची शंभर वर्षं प्रत्येक वकील घाबरून "दंड नाही बरं का" असं लिहीत आला, म्हणजे झब्ब्यावर पांघरलेली शाल. 2015 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने कसोटी बरीच सैल केली, तरी मजकूर कॉपी-पेस्ट होतच राहिला. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याचं कलम 74, ते दंड म्हणा की नुकसानी म्हणा, जो आकडा लिहिलाय ती कमाल मर्यादा आणि तिच्या आत जे वाजवी असेल ते मिळेल असं सांगतं. म्हणजे तुमच्या करारावर भारतीय कायदा असेल तर त्या तीन शब्दांनी फार काही बिघडत नाही आणि सुधरतही नाही.

माँत्रेआलची_मावशी

आणि फ्रेंच बाजूला 'क्लोझ पेनाल' हे अगदी राजरोस कायदेशीर कलम आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कलम 1231-5. रक्कम उघडउघड फार जास्त किंवा हास्यास्पद कमी असेल तर न्यायाधीश ती खाली-वर करू शकतो, पक्षकारांनी मागितलं नाही तरी. म्हणून इंग्रज जिथे "दंड नाही" म्हणून शपथा घेतो तिथे फ्रेंच माणूस शांतपणे "दंडाचं कलम" असं शीर्षक देतो. तू दोन्ही एका वाक्यात आणलेस आणि ती एकमेकांना धडकली.

तू तिथे 'एंदेम्निते फोर्फेतेर' लिही. फोर्फे म्हणजे आपण घाऊक ठरवतो ना, रंगाऱ्याला म्हणतो खोलीचे इतके, स्क्वेअर फुटाचं बोलू नका, ते. मग पुढे "दंड म्हणून नाही" आलं तरी वाक्य स्वतःलाच खोटं पाडत नाही. एक तळटीप घाल की मूळ इंग्रजी शब्द अमुक आणि लागू कायदा भारतीय. तळटीप घालायला भाषांतरकार लाजतात, का ते मला कळलेलं नाही.

पणजीकर_कधीचा

वाचतोय. आमच्या गोव्यात हा प्रश्न उलटा आहे. 1867 चा पोर्तुगीज दिवाणी कोड अजून लग्न-संसारापुरता चालतो, आणि करार मोडला की भारतीय करार कायदा. माझ्या आजोबांच्या कागदांत डॅमेजेसला 'पेर्दास ए दानुश' असे दोन शब्द दिसतात, म्हणजे गमावलं ते आणि मोडलं ते. फ्रेंचमध्ये पण दोनच आहेत ना? दोमाज-एंतेरे. त्यातला एंतेरे म्हणजे व्याज का? एका भावी वकिलाने 'नुकसान व व्याज' असं भाषांतर केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि समोरच्या पार्टीने खरंच व्याजाचा दर विचारला होता.

माँत्रेआलची_मावशी

व्याज नाही. लॅटिनमध्ये 'इंतेरेस्त' म्हणजे फरक पडतो. करार पाळला असता तर आणि मोडला म्हणून, या दोन स्थितींत जो फरक पडला तो एंतेरे. म्हणून जुनी जोडी अशी की दोमाज म्हणजे खिशातून गेलं ते आणि एंतेरे म्हणजे खिशात यायचं राहिलं ते. फ्रेंच कोड आजही तसंच मोजतं, झालेला तोटा आणि हुकलेला फायदा, 1231-2. उशिराबद्दलचं व्याज त्याहून वेगळं असतं.

आणि एकवचन-अनेकवचन सांभाळा. इंग्रजीत डॅमेज म्हणजे मोडतोड आणि डॅमेजेस म्हणजे पैसे, एका एसने गाडी कार्यशाळेतून कोर्टात जाते. फ्रेंचमध्ये नुसतं 'दोमाज!' म्हटलं तर "अरेरे".

उगाच_एक

म्हणजे कोर्टाने दोमाज-एंतेरे दिले की हरलेला म्हणतो दोमाज.

शब्दवेडा

कोटी माफ. पण माझ्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही. मराठीलाही डॅमेज आणि डॅमेजेस वेगळे करता यायला हवेत की नाही? क्षती आणि क्षतिपूर्ती यांनी ते होतं.

बोरूबहाद्दर

नुकसान आणि नुकसानी. कोर्टात कधीपासून वेगळे आहेत. "नुकसान झाले" आणि "नुकसानी मागितली". एका वेलांटीत काम होतं, तुमच्या पूर्तीची गरज नाही. आणि भरपाई हा शब्द हलका समजू नका. जुन्या पावतीखाली लिहायचे "रक्कम भरून पावलो", सही, साक्षीदार. भरणं आणि पावणं. म्हणजे देणाऱ्याने भरलं एवढ्यावर भागत नाही, घेणारा 'पावलो' म्हणेल तेव्हा ती भरपाई. ही व्युत्पत्ती माझी आहे, कोशात शोधू नका, पण मला पटते.

शब्दवेडा

कोशात नसलेली व्युत्पत्ती म्हणजे चहाच्या टपरीवरची व्युत्पत्ती.

बोरूबहाद्दर

टपरी कोर्टासमोरचीच होती.

ढेकळे

पावलो वाली पटली. आम्ही अजून पावलो नाही.

पणजीकर_कधीचा

बोरूबहाद्दर, वळतं करण्याला कोर्टात काय म्हणता? ल्योंच्या बाईंनी विचारलेलं ते.

बोरूबहाद्दर

वजावट म्हणतात हल्ली. जुन्या हिशेबात मुजरा. "भाड्यात मुजरा द्यावा" म्हणजे भाड्यातून वळते करून द्यावेत.

उगाच_एक

म्हणजे नीरफणसताईंनी सदोष मालाच्या बदल्यात फ्रेंच कंपनीला मुजरा देऊ केला होता. बाई लाल होणारच.

शब्दवेडा

मुजरा हाही अरबीच.

माँत्रेआलची_मावशी

शब्दवेडा, एक विचारू? इंग्रजांच्या कायद्यातून फ्रेंच काढून टाकायचं फर्मान 1362 ला निघालं होतं, कोर्टात इंग्रजीच बोला म्हणून. आणि ते फर्मानसुद्धा फ्रेंचमध्ये लिहिलेलं होतं. वकिलांची मोडकी फ्रेंच त्यानंतरही साडेतीनशेहून जास्त वर्षं चालली, मॉर्गेज आणि टॉर्ट आजही आहेत. आता तेच शब्द फ्रेंचमध्ये परत नेताना आमची दमछाक होते कारण तिकडे गेलेली मुलगी इतकी बदलली की माहेर ओळखत नाही. तुम्ही दाद, दावा, मनाई काढून टाकलेत तर तीनशे वर्षांचे मराठी निकाल वाचायला मलाच बोलवावं लागेल, आणि माझे दर डॉलरमध्ये आहेत.

शब्दवेडा

मी काढून टाका म्हटलेलं नाही. पर्याय असावा म्हटलं. फ्रेंच लोक स्वतः किती शुद्धीवादी आहेत ते तुम्ही जाणता.

माँत्रेआलची_मावशी

आहेत ना, आणि तरी इक्विटीला हात टेकले. इक्विटी म्हणजे इंग्लंडात नेहमीच्या कोर्टांबाहेर चान्सरी नावाच्या वेगळ्या कोर्टाने घडवलेले न्यायाचे नियम. इक्विटेबल रेमेडीचं 'रेपारास्यों एकिताब्ल' केलं तर अर्थ होतो नुसती न्याय्य, वाजवी भरपाई. चान्सरीचा तो सगळा इतिहास गळून पडतो. म्हणून इथे फ्रेंच मजकुरात 'इक्विटी' हा इंग्रजी शब्द तसाच तिरक्या अक्षरात ठेवतात. नीरफणस, तुझ्या करारात मनाई हुकूम आणि इतर इक्विटेबल रिलीफ असं असेलच कुठेतरी शेवटी, ते बघून घे.

नीरफणस

आहे. कलम 19. मी एकिताब्लच केलं होतं. बाईंना तो सापडला नाही, मी गप्प बदलते.

पणजीकर_कधीचा

एक खरी शंका. नुकसान कमी ठेवायचा प्रयत्न केला पाहिजे, हातावर हात धरून बसायचं नाही, हे इंग्रजी कलम असतं ना करारात, मिटिगेशनचं. त्याला फ्रेंच काय?

माँत्रेआलची_मावशी

शब्द लिहिता येतात, मागे कायदा उभा नाही. 2003 मध्ये फ्रान्सच्या कासास्यों, म्हणजे दिवाणी बाबतीतल्या सर्वोच्च कोर्टापुढे एका बेकरीचं प्रकरण होतं, अपघातामुळे बाईंना बेकरी चालवता येईना, खालचं कोर्ट म्हणालं दुसऱ्याकडून चालवून घ्यायची होती. वरच्या कोर्टाने सांगितलं, ज्याने नुकसान केलं त्याच्या भल्यासाठी नुकसान कमी ठेवायला पीडित बांधील नाही. इंग्रज वकिलाला हे वाचून घाम फुटतो. आमच्या क्युबेकच्या कोडात मात्र ते कर्तव्य लिहून ठेवलंय. म्हणून करारात असेल तर वाक्य पूर्ण उलगडून लिहायचं, एका शब्दावर सोडायचं नाही.

ढेकळे

फ्रेंच कोर्ट बरं म्हणायचं. आमच्याकडे गारा पडल्यावर साहेब विचारतात प्लास्टिक का नाही टाकलं.

नीरफणस

दिली फाईल, गुरुवारी रात्रीच. त्या पूरक वाक्यात 'रकूर ए रेपारास्यों' असे दोन्ही घातले आणि तळटीपा तीन. बाईंचं उत्तर आलं, फुगा एकच होता, एका स्वल्पविरामावर.

पण आता चाकणच्या कंपनीने कळवलंय की गोडाउनच्या लोकांसाठी याच कराराचा दोन पानी मराठी गोषवारा पाहिजे. लिक्विडेटेड डॅमेजेसला मराठीत काय लिहू?

शब्दवेडा

पूर्वनिर्धारित क्षतिपूर्ती.

बोरूबहाद्दर

ठरीव नुकसानी. आणि खाली "दंड म्हणून नाही" लिहायचं की नाही ते मला फोन करून विचारा, ते इतकं सोपं नाही.

ढेकळे

गाडी उशिरा गेली तर दर आठवड्याला इतके पैसे कापणार, असं लिहा. गोडाउनचं आहे ना.

शब्दवेडा

ते भाषांतर झालं नाही.

उगाच_एक

स्याँ की स्यों हे राहिलंच.